सुधारणा, विस्तार आणि युद्ध : १८९० ते १९२० ची अमेरिका मुलांना कशी शिकवावी?



आपल्या मुलांना अमेरिका बहुतेक वेळा भेटते ती थेट १९१७ साली, पहिल्या महायुद्धात उतरताना. त्याआधीची तीस वर्षं राहूनच जातात. खरं तर आजची अमेरिका घडली ती त्याच तीस वर्षांत. गंमत अशी की एकाच वेळी हा देश घरातली घाण साफ करत होता आणि घराबाहेर दुसऱ्यांचे देश ताब्यात घेत होता. मुलं बरोब्बर इथेच बोट ठेवतात : "सर, मग ते चांगले की वाईट?" या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. आधी काय घडलं ते नीट पाहू.

१. आधी परिस्थिती समजून घेऊ

१८६९ साली पूर्व आणि पश्चिम अमेरिका रेल्वेने जोडली गेली. पुढच्या काही दशकांत पोलाद, तेल, मांस, कापड असे सगळेच उद्योग अवाढव्य झाले. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलने तेलशुद्धीकरणाचा जवळजवळ सगळा धंदा आपल्या मुठीत घेतला. १९०१ साली उभी राहिलेली यू. एस. स्टील ही शंभर कोटी डॉलर भांडवलाची पहिली कंपनी ठरली.

दुसऱ्या बाजूला युरोपातून आलेली लाखो माणसं शहरांतल्या अंधाऱ्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होती. दहा-बारा तास काम आणि हातात तुटपुंजी मजुरी. खाणीत, गिरणीत, काच कारखान्यात लहान मुलंही राबत होती. मुलांना सांगताना मुंबईच्या गिरणगावातल्या चाळी डोळ्यांसमोर आणून द्या, चित्र पटकन उभं राहतं.

२. सुधारणा : कोणी आणि कशा केल्या?

या काळाला 'प्रगतिशील युग' म्हणतात. तीन उदाहरणं पुरेशी आहेत.

*हल हाउस.* १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोघी शिकागोच्या गरीब वस्तीत राहायला गेल्या. तिथे त्यांनी बालवर्ग, रात्रीचे वर्ग आणि कामगार महिलांसाठी सोयी सुरू केल्या. वस्तीतला कचरा उचलला जात नाही म्हणून ॲडम्सबाईंनी कचरा-निरीक्षकाची सरकारी नेमणूक घेतली आणि पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरल्या. सुधारणा म्हणजे नुसतं भाषण नव्हे, हे मुलांना या एका गोष्टीतून कळतं.

*मांसाचे कारखाने.* १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. त्यांना दाखवायचे होते कामगारांचे हाल. वाचक मात्र हादरले ते आपल्या ताटात येणाऱ्या मांसाच्या घाणीने! त्याच वर्षी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. कामगारांच्या वाट्याला यातून फारसं काही आलं नाही. इथे वर्गात थांबा आणि विचारा : लोकांना दुसऱ्याच्या दुःखापेक्षा आपलं ताट आधी का दिसतं?

*ट्रँगल कारखान्याची आग.* २५ मार्च १९११, न्यूयॉर्क. शर्टवेस्ट शिवणारा हा कारखाना इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होता. आग लागली तेव्हा एक दार कुलूपबंद होतं. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ जीव गेले. त्यात बहुतेक स्थलांतरित घरांतल्या तरुण मुली होत्या. मालक कोर्टातून निर्दोष सुटले. पण राज्याने चौकशी आयोग नेमला आणि आगीपासून सुरक्षा, कामाचे तास यांबाबत कितीतरी कायदे केले. ती आग रस्त्यावरून पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स पुढे १९३३ साली देशाच्या कामगारमंत्री झाल्या. अमेरिकी मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या महिला.

बाकीच्या गोष्टी फळ्यावर झटपट लिहून टाका : १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे झाले, १९१३ मध्ये केंद्रीय प्राप्तिकराला राज्यघटनेचा आधार मिळाला, १९२० मध्ये देशभर महिलांना मताधिकार मिळाला.

पण एक गोष्ट वगळू नका. याच काळात दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे, वेगळ्या शाळा होत्या. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यताही दिली होती. सुधारणेचा दिवा त्यांच्या दारापर्यंत फारसा पोचलाच नाही.

३. विस्तार : १८९८ चं वर्ष

कारखान्यांच्या मालाला बाजार हवा होता, आरमाराच्या जहाजांना कोळसा भरायला बंदरं हवी होती. त्यात क्यूबामध्ये स्पेनविरुद्ध बंड पेटलेलं. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली. पुरावा नसताना वर्तमानपत्रांनी स्पेनवर ठपका ठेवून रान उठवलं आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. काही महिन्यांतच ते संपलं.

डिसेंबरच्या पॅरिस तहात अमेरिकेला पोर्तो रिको, ग्वाम आणि दोन कोटी डॉलरच्या बदल्यात फिलिपिन्स मिळालं. हवाईही त्याच वर्षी जोडून घेतलं.

फिलिपिन्सच्या लोकांनी स्पेनविरुद्ध लढून स्वतःचं स्वातंत्र्य आधीच जाहीर केलं होतं. त्यांना विचारलं कोणी? कोणीच नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये आगिनाल्दो यांच्या नेतृत्वाखाली ते अमेरिकेशी लढू लागले. चार हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक मेले. लढाई, उपासमार आणि रोगराई यांत मेलेल्या फिलिपिनो लोकांची संख्या काही लाखांच्या घरात जाते, असा अंदाज आहे. त्यांना स्वातंत्र्य मिळालं ते थेट ४ जुलै १९४६ ला.

मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग यांनी 'द व्हाइट मॅन्स बर्डन' ही कविता १८९९ साली लिहिली ती याच प्रसंगी, अमेरिकेला उद्देशून. आपल्यावर राज्य करणाऱ्यांनी जी कारणं आपल्याला ऐकवली, तीच फिलिपिन्सलाही ऐकवली गेली.

४. युद्ध : १९१७

१९१४ ला युरोपात युद्ध पेटलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तटस्थ राहायचं ठरवलं. पण व्यापार आणि कर्जं यांमुळे ब्रिटन-फ्रान्सशी संबंध घट्ट होत गेले. १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने 'ल्युसिटेनिया' बुडवली, त्यात १२८ अमेरिकी प्रवासी गेले. तरीही १९१६ ची निवडणूक विल्सन जिंकले ती देशाला युद्धाबाहेर ठेवल्याच्या प्रचारावर. फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने अनिर्बंध पाणबुडी हल्ले पुन्हा सुरू केले. पाठोपाठ मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध उभं करू पाहणारी जर्मन तार उघड झाली. ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली. कारण सांगितलं गेलं लोकशाहीच्या रक्षणाचं.

आणि घरात? युद्धाविरुद्ध बोलणं गुन्हा ठरू लागलं. कामगार नेते यूजीन डेब्स यांना एका भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांहून अधिक मतं मिळवली!

५. दोन माणसं, एक प्रश्न

आता मुलांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. इथे मी दोन नावं शेजारी-शेजारी ठेवायला सांगेन.

*आल्बर्ट बेव्हरिज*, इंडियानाचे सिनेटर. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी सिनेटमध्ये ठणकावून सांगितलं की फिलिपिन्स आपलंच, कायमचं, कारण तिथली माणसं स्वतःचं राज्य चालवायला लायक नाहीत. याच बेव्हरिज यांनी १९०६ मध्ये मांस तपासणीच्या कायद्यासाठी धडपड केली आणि बालकामगारांविरुद्ध राष्ट्रीय कायद्याचं विधेयक मांडलं.

*जेन ॲडम्स* यांनीही बालमजुरीला विरोध केला. पण त्या फिलिपिन्स घेण्याच्याही विरोधात होत्या आणि १९१७ च्या युद्धाच्याही. त्यासाठी लोकांची शिवीगाळ त्यांनी सोसली. १९३१ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

दोघांनाही गिरणीतल्या मुलाची कणव होती. बेव्हरिज यांची कणव देशाच्या किनाऱ्यावर थांबली, ॲडम्सबाईंची थांबली नाही. डी.एड., बी.एड.ला आपण ज्यांना वाचतो ते जॉन ड्यूई हल हाउसचे मित्र होते, पण १९१७ मध्ये त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला. म्हणजे शहाणी माणसंही इथे वेगवेगळ्या वाटांनी गेली. ही गोष्ट मुलांपासून लपवू नका.

याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ड्यूई त्यांचे शिक्षक होते. पुढे १९४२ ते १९४६ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. मोठ्या वर्गातल्या मुलांना हा धागा शोधायला द्या.

वर्गात आणि घरी करण्यासारखं

१. बेव्हरिज आणि ॲडम्स यांच्या भूमिका दोन मुलांना द्या. तिसऱ्याला फिलिपिन्सचा शेतकरी करा आणि सगळ्यात शेवटी त्याला बोलू द्या.

२. 'सुधारणा कोणाला मिळाली, कोणाला नाही?' असा दोन रकान्यांचा तक्ता मुलांनाच भरू द्या.

३. पालकांनी घरी दुधाच्या किंवा बिस्किटाच्या पाकिटावरचा अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक मुलांना शोधायला सांगावा. हा क्रमांक का लागतो, यावर जेवताना बोलावं.

परीक्षेत सनावळी लागतेच, ती करून घ्याच. पण "ते चांगले की वाईट?" या प्रश्नावरून मूल "कोणासाठी चांगले?" या प्रश्नापर्यंत आलं, तर धडा पोचला असं खुशाल समजा. तोच प्रश्न मग ते आपल्या गावाबद्दल, आपल्या देशाबद्दलही विचारेल. तेव्हा त्याला गप्प करू नका, एवढीच विनंती.