रॉकरची दांडी आणि धातूचा थकवा



इंजिनाविषयी बोलू लागलो म्हणजे आपण पिस्टन, प्लग, कार्ब्युरेटर यांची नावे घेतो. परंतु झाकणाखाली, तेलाच्या अंधारात सतत डुलणाऱ्या एका वीतभरही नसलेल्या दांडीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तिला कारागीर रॉकर म्हणतात. बोथच्या शेतांतील डिझेल पंपाच्या इंजिनात ती आहे, जुन्या बुलेट मोटारसायकलीत ती आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात जी फियाट, म्हणजेच पुढील काळातील पद्मिनी, तयार होई, तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनातही ती होती. या दांडीच्या निमित्ताने पदार्थविज्ञानाचा एक महत्त्वाचा धडा समजून घ्यावा, असा आमचा विचार आहे.

रॉकर म्हणजे तराजूच्या दांडीसारखी तरफच होय. तिच्या एका टोकाला पुशरॉड खालून वर ढकलतो. त्यामुळे दुसरे टोक खाली जाऊन झडप उघडते, आणि स्प्रिंग ती झडप पुन्हा मिटविते. पुष्कळ इंजिनांत झडपेकडील बाजू पुशरॉडकडील बाजूपेक्षा लांब असते. लांबीचे हे प्रमाण दीडपट आहे असे मानू. मग पुशरॉड ६ मिलिमीटर वर सरकला तर झडप ९ मिलिमीटर उघडेल. परंतु निसर्ग काहीही फुकट देत नाही. झडपेवर १०० किलोग्रॅमचा भार असेल, तर पुशरॉडकडे १५० किलोग्रॅमचा भार पडेल, आणि मधल्या टेकूला दोन्ही मिळून २५० किलोग्रॅम सोसावे लागतील. दांडी याच टेकूपाशी वाकू पाहते. चिरही बहुधा याच सुमारास जन्म घेते.

आता शर्यतीच्या मोटारींकडे वळू. चेन्नईजवळील शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. अशा ठिकाणी घरगुती गाड्यांची इंजिनेही फेरफार करून पळविली जात. इंजिनाचा वेग दुप्पट केला की हलणाऱ्या भागांच्या जडत्वाचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. तेव्हा स्प्रिंग झडपेला वेळेवर मिटवू शकत नाही आणि झडप अधांतरी तरंगते. यावर दोन उपाय संभवतात. एक तर स्प्रिंग अधिक ताठ करावी, नाहीतर हलणारे भाग हलके करावेत. म्हणूनच कारखान्याने बसविलेल्या पोलादी रॉकरऐवजी बाजारात मिळणारे अ‍ॅल्युमिनियमचे रॉकर बसविण्याची पद्धत शर्यतवाल्यांत रूढ झाली. त्यांच्या टोकाला बहुधा लहानसे चाक आणि टेकूपाशी सुईसारख्या बारीक रुळांचे बेअरिंग असते. त्यामुळे घर्षणही कमी होते.

अ‍ॅल्युमिनियम का, असे कोणी विचारील. त्याची घनता सुमारे २.७, तर पोलादाची ७.८. म्हणजे तेवढ्याच आकाराची वस्तू तिपटीने हलकी होते. तथापि त्याचा ताठरपणाही पोलादाच्या एकतृतीयांशच आहे. तेवढ्याच भाराखाली तेवढीच दांडी तिप्पट वाकेल! ती वाकू नये म्हणून जाड करावी लागते, आणि जाड केली की वजनातील लाभ घटतो. शिवाय वजन किती यापेक्षा ते टेकूपासून किती दूर आहे, याला अधिक महत्त्व आहे, कारण फिरण्याचे जडत्व अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते. टोकाशी निमुळती केलेली चांगली पोलादी दांडी डुलण्यास अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीइतकीच हलकी असू शकते. केवळ तराजूत घालून निवाडा करणारा ग्राहक येथे फसतो.

परंतु मुख्य प्रश्न टिकाऊपणाचा आहे. एक तार हातात घेऊन पुनःपुन्हा वाकवा. एका ओढीत जी तुटली नसती, ती दहावीस वेळा वाकविल्यावर तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गाड्यांचे आस का मोडतात याचा शोध घेतला. प्रत्येक फेऱ्यातील ताण जसा कमी करावा, तसे धातूचे आयुष्य वाढते, असे त्यास दिसून आले. पोलादाच्या बाबतीत एक मर्यादा अशी येते की ताण तिच्या खाली ठेवल्यास ते व्यवहारतः कितीही फेरे सोसते. सर्वसाधारण पोलादात ही मर्यादा, ते ओढून तोडण्यास लागणाऱ्या ताणाच्या निम्म्याच्या आसपास असते. अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. ताण कमी केला तर त्याचे आयुष्य लांबते, पण ते अमर होत नाही. म्हणून त्याची सहनशक्ती ५० कोटी फेऱ्यांच्या हिशेबाने सांगण्याची रीत आहे. जस्त, मॅग्नेशियम व तांबे मिसळलेल्या उत्तम प्रतीच्या मिश्रधातूतही ही सहनशक्ती तोडण्याच्या ताणाच्या चतुर्थांशाहून थोडीच अधिक भरते.

आता गणित करू. इंजिन मिनिटास ६००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट ३००० फेरे घेतो आणि प्रत्येक झडप तितक्याच वेळा उघडते. म्हणजे सेकंदास ५० वेळा, तासास १ लाख ८० हजार वेळा. या वेगाने ५० कोटी फेरे पुरे होण्यास सुमारे २७७८ तास लागतील. शर्यतीचे इंजिन इतके तास न उघडता कधीच चालत नाही. घरगुती मोटार सरासरी २००० फेऱ्यांवर ताशी ४० किलोमीटर धावली, तर एक लाख किलोमीटरला २५०० तास लागतील आणि रॉकर १५ कोटी वेळा डुलेल. म्हणजे ताण बेताचा असेल तर चांगल्या घडणीचा अ‍ॅल्युमिनियमचा रॉकर घरगुती गाडीतही दीर्घकाळ चालेल.

मग असे रॉकर मोडतात का? कारण त्यांच्यावरील ताण बेताचा राहत नाही. गरजेपेक्षा ताठ स्प्रिंग बसविली जाते. पुशरॉडची लांबी चुकते आणि टोक झडपेच्या मध्याऐवजी कडेला दाबते. टेकूच्या बेअरिंगला तेल पुरत नाही. स्वस्त दांडी दाबून घडविलेल्या धातूची नसून ओतीव असते आणि तिच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात. पृष्ठभागावरील एखादा ओरखडादेखील चिरेचे बीज ठरू शकतो. यात भर म्हणजे अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. यास्तव झडपेची फट ठरवितानाही निराळा विचार करावा लागतो.

धातूचा थकवा किती घातक होऊ शकतो, हे जगाने १९५४ मध्ये पाहिले. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमाने जानेवारी व एप्रिल महिन्यांत इटलीजवळ समुद्रावर फुटली आणि ५६ माणसे प्राणास मुकली. पुढे इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे एक कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून तिच्यातील दाब हजारो वेळा कमी-अधिक करण्यात आला, तेव्हा चिरेचे रहस्य उलगडले. आकाशातील विमान आणि झाकणाखालची दांडी यांना नियम एकच आहे.

आपल्या घरांतील काही तरुण निर्मल, आदिलाबाद, नांदेड येथील कारखान्यांत गाड्या दुरुस्त करतात, तर काहींना आपले वाहन अधिक वेगवान करण्याची हौस असते. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, निर्मलच्या घाटात भरल्या गाडीचा रॉकर तुटला, तर इंजिनाची ओढ अकस्मात कमी होते, आणि तुटका तुकडा आत अडकल्यास इंजिनाचाही नाश होतो. रोजच्या प्रवासाला पोलादी दांडीच बरी. शर्यतीसाठी अ‍ॅल्युमिनियमची घेतली, तर ती किती तास चालली याची वहीत नोंद ठेवावी, इंजिन उघडेल तेव्हा ती पुसून, रंगीत द्रव लावून चिरा तपासाव्यात, आणि ठरलेले तास भरले की दिसण्यात चांगली असली तरी बदलावी. माणसाचा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. धातूचा तसा जात नाही. प्रत्येक फेरा त्याच्या खाती जमा होतच राहतो.

शेवटी एक उदाहरण स्वतः सोडवा. पंपाचे चार धावांचे डिझेल इंजिन मिनिटास १५०० फेऱ्यांनी रोज चार तास चालते. त्याचा रॉकर ५० कोटी वेळा डुलण्यास किती वर्षे लागतील? उत्तर काढा, आणि त्या इंजिनाची दांडी पोलादी असेल तर या आकड्याची चिंता का नको, हे दोन वाक्यांत लिहा.