पहिला चेंडू सुटण्याआधी

शालेय सॉफ्टबॉलच्या मैदानावर जी भांडणं होतात, त्यातली बहुतेक आदल्या दिवशीच लागलेली असतात. सामन्यात ती फक्त सगळ्यांना ऐकू येतात. आधी क्रीडाशिक्षिका म्हणून संघ घेऊन हिंडताना आणि पुढे पंच म्हणून उभी राहताना मी हे बघत आले. पोरं नियम मोडतात असं सहसा होत नाही. ज्या गोष्टीचा नियमच कुणी ठरवलेला नसतो, तिथे गाडं अडतं आणि मग मोठी माणसं आवाज चढवतात.

एक सामना सांगते. १७ वर्षांखालील मुली, उपांत्य फेरी. मी पहिल्या बेसवर पंच होते. स्पर्धा भरवणाऱ्यांनी परिपत्रकात एकच ओळ लिहिली होती : सामना सात डावांचा किंवा ७५ मिनिटांचा. ७३ व्या मिनिटाला पाचव्या डावातला शेवटचा गडी बाद झाला. पुढे असलेला संघ एका धावेने पुढे होता आणि आता बॅटिंगही त्यांचीच होती. त्यांची पहिली बॅटर निघाली, आणि वाटेत खाली बसून बुटाची नाडी बांधू लागली. नाडी झाली, तर हेल्मेट सैल. दुसरं हेल्मेट आलं, तर बॅट बदलायची होती. मुलगी बिचारी मान खाली घालून हे सगळं करत होती. डोळे मात्र सारखे तिच्या सरांकडे. ती बॅटर्स बॉक्समध्ये पोचली तेव्हा ७६ मिनिटं झालेली. लगेच सर आत आले, "वेळ संपली, सहावा डाव सुरूच झाला नाही." समोरचे सर म्हणाले, "तिसरी आऊट झाली तेव्हाच सुरू झाला."

मुख्य पंचांनी डाव खेळायला लावला, आणि बरोबरच केलं. पण कागदावर त्याला आधार काही नव्हता. मागे असलेल्या मुलींनी त्या डावात बरोबरी साधली. तोवर उजेड गेला. बरोबरी झाली तर काय, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. आयोजकांपैकी एकाने हजेरीच्या वहीचं मागचं पान फाडलं, दोन चिठ्ठ्या केल्या, कॅचरच्या हेल्मेटमध्ये टाकल्या आणि एका कप्तानाला एक उचलायला सांगितली. तिने उचलली ती समोरच्या संघाच्या नावाची. बाहेर जाताना ती मला म्हणाली, "मॅडम, आम्ही हरलो कशात, ते तरी सांगा." मला सांगता आलं नाही.

म्हणून आता कुणी स्पर्धेसाठी बोलावलं की मी आधी परिपत्रक मागवते आणि वेळेबद्दल काय लिहिलंय ते बघते. घड्याळ पहिल्या पिचपासून धरायचं की नाणेफेकीपासून, हे लिहा. घड्याळ एकच, गुणलेखकाच्या टेबलावरचं; प्रशिक्षकाच्या मोबाइलमधली वेळ चालणार नाही. आधीच्या डावाची शेवटची आऊट झाली त्या क्षणी पुढचा डाव सुरू झाला, हेही स्पष्ट शब्दांत लिहा. एवढं एक वाक्य असलं की बुटाच्या नाड्या आपोआप घट्ट राहतात. पावसाने किंवा अंधाराने खेळ थांबला तर सर्वसाधारण नियम असा की पाच डाव पुरे झाले असतील तर निकाल धरता येतो; त्याआधी थांबला तर दुसऱ्या दिवशी जिथे थांबला तिथूनच पुढे. बरोबरीसाठी चिठ्ठी नको, टायब्रेकर आहे. जादा डावात बॅटिंग करणाऱ्या संघाचा एक रनर दुसऱ्या बेसवर उभा करून डाव सुरू होतो. हा रनर कोण? त्या डावात जिची पाळी सगळ्यात शेवटी येणार ती, म्हणजे बॅटिंगच्या क्रमात पहिल्या बॅटरच्या आधीची. प्रशिक्षक हटकून सगळ्यात वेगवान मुलगी पाठवतात. गुणलेखकाला हा नियम माहीत नसेल तर तेही खपून जातं. आणि अंतिम सामन्याला वेळेची मर्यादा लावूच नये, हे माझं मत. दोन दिवस राबून आलेल्या मुलींचा शेवटचा सामना घड्याळाने संपवायचा, यात काय हशील?

आता मैदान. इथे मी थोडी जास्त बोलते, कारण इथेच सगळ्यात जास्त घाई होते. "मॅडम, आखणी सकाळी उरकू" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आखणी आदल्या संध्याकाळी झाली पाहिजे. आधी दिशा ठरवा : होम प्लेट मैदानाच्या नैऋत्य कोपऱ्याकडे ठेवली की बॅटर ईशान्येकडे तोंड करून उभी राहते आणि दुपारनंतरचं ऊन तिच्या डोळ्यांत जात नाही. मग होम प्लेटच्या मागच्या टोकाला खिळा ठोका. तिथून टेपने २५.८६ मीटर, म्हणजे ८४ फूट सव्वादहा इंच मोजा. तिथे दुसऱ्या बेसचा मधोमध. आता एक न ताणणारी दोरी घ्या, बरोबर १२० फूट, मध्ये ६० वर गाठ. एक टोक होमच्या खिळ्याला, दुसरं दुसऱ्या बेसच्या खिळ्याला. गाठ धरून उजवीकडे ताणली की पहिला बेस, डावीकडे ताणली की तिसरा. काटकोन मोजायची गरजच पडत नाही. एक ध्यानात ठेवायचं : पहिला आणि तिसरा बेस त्या ६० फुटांच्या आत बसतो, दुसऱ्याचा मात्र मध्य खुणेवर येतो. सुतळी वापरू नका. दवाने भिजली की तिची लांबी बदलते, आणि सकाळी उभं राहून बघाल तर चौकोन पतंगासारखा एका बाजूला कललेला दिसतो. पिचरची पट्टी होमच्या मागच्या टोकापासून मोजायची, पुढच्या कडेपासून नाही. मुलींना ४३ फूट, पुरुषांच्या खेळात ४६. लहान वयोगटांना काय अंतर ठेवणार ते परिपत्रकात आकड्यात लिहा. पट्टीभोवतीचं वर्तुळ आठ फूट त्रिज्येचं. हे वर्तुळ शोभेचं नाही. चेंडू वर्तुळात पिचरच्या हातात आला की बेसवरून पुढे-मागे घुटमळणाऱ्या रनरला लगेच एक दिशा धरावी लागते, नाहीतर ती बाद.

आखायला चुन्याची फक्की आणतात, त्याबद्दल एक सांगते. ती नीट विझलेली नसेल तर अंगाला आणि डोळ्यांना झोंबते. सॉफ्टबॉलमध्ये मुली बेसकडे घसरत जातात, हात-तोंड त्या रेघेवरून जातं. पांढरी रांगोळी किंवा खडूची पूड आणा. पैसे थोडे जास्त जातील, जाऊ द्या.

आपल्याकडची मैदानं काही खास सॉफ्टबॉलसाठी बांधलेली नसतात. डावीकडे लिंबाचं झाड, मागे खो-खोचा खांब, उजवीकडे शाळेची सायकल स्टँड, आणि काळ्या मातीत एक सरी तशीच राहिलेली. स्थानिक नियम ठरवायचे ते इथेच. मैदानाला फेरी मारा आणि दोन्ही संघांच्या मार्गदर्शकांना सोबत घ्या. चेंडू झाडात अडकला तर काय, स्टँडमध्ये गेला तर काय, जाळीखालून निघून गेला तर काय. फेकलेला चेंडू हद्दीबाहेर गेला की रनरना दोन बेस मिळतात, आणि ते चेंडू हातातून सुटला तेव्हा त्या जिथे होत्या तिथून धरायचे. पिच बाहेर गेली तर एक. हे संघबैठकीत वाचून दाखवा. त्याच बैठकीत इनफिल्ड फ्लायही समजावा : दोनपेक्षा कमी आऊट, पहिल्या-दुसऱ्या बेसवर किंवा तिन्ही बेसवर रनर, आणि आतल्या भागात सहज घेता येईल असा उंच झेल, तो सुटला तरी बॅटर बाद. हा नियम प्रेक्षकांत बसलेल्या पालकांना ठाऊक नसतो, आणि "झेल सुटला, झेल सुटला!" असा ओरडा सुरू झाला की पोरी भांबावून पळतात आणि बाद होतात. सुरुवातीच्या संघातली खेळाडू बाहेर गेली तर एकदा परत येऊ शकते, पण बॅटिंगच्या क्रमात आपल्याच जागी. हेही तेव्हाच सांगून टाका.

पहिल्या बेससाठी दुहेरी बेस आणा, अर्धा पांढरा, अर्धा केशरी. धावणारी बॅटर बाहेरच्या केशरी भागावर पाय ठेवते, बेसवरची खेळाडू पांढऱ्यावर. घोट्यावर घोटा आदळण्याचे प्रसंग यामुळे पुष्कळ टळतात. हेल्मेट दोन्ही कान झाकणारं, बॅटरलाही आणि रनरलाही. बाहेर उभ्या असलेल्या मुली बॅट फिरवत सराव करतात, तेव्हा लहान भावंडं मागून जातात. तिथे दोरी लावा आणि एक शिक्षक उभा करा. पाठवणारी शाळा एखाद्या वेळी कॅचरचा मास्क विसरते, तेव्हा एक संच आयोजकांकडे असू द्या. वीज चमकली की सगळ्यांना इमारतीत न्या. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास मैदानात पाय ठेवायचा नाही, मग परीक्षा असो की पाहुणे थांबलेले असोत.

सामने किती होणार याचा हिशोब सोपा आहे, तरी दरवेळी चुकतो. बाद फेरीत तेरा संघ असले तर बारा सामने आणि तिघांना पुढे चाल. ७५ मिनिटांचा सामना, मध्ये आखणी ठीकठाक करायला आणि संघ बदलायला पंधरा मिनिटं, म्हणजे एक सामना दीड तास. नोव्हेंबरात साडेपाच वाजले की उजेड जातो. जेवणाची सुट्टी धरली तर एका मैदानावर दिवसाला सहा सामने म्हणजे अगदी काटोकाट. आठ संघ दोन गटांत टाकून साखळी घ्याल तर गटांचे बारा, उपांत्य दोन आणि अंतिम एक, असे पंधरा. दोन दिवसांत ते बसणार नाहीत. बसवायचेच असतील तर दुसरं मैदान आखा, किंवा डाव पाच करा आणि तसं आधी कळवा. शिवाय बऱ्याच शाळांकडे पिचर एकच असते. दिवसभरात तिचे तीन सामने लावले तर संध्याकाळी तिचा खांदा काय म्हणतो ते तिला विचारा.

मुलींचे संघ उतरवताना वर्गखोल्यांची संख्या मोजून भागत नाही. संध्याकाळी आपण स्वतः जाऊन बघायचं : खोलीला आतून कडी आहे का, संडासाला पाणी आहे का, संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का. सॅनिटरी पॅड कुणाकडे मिळतील हे मुलींना पहिल्या दिवशी सांगून ठेवायचं, आणि सांगणारी बाई असावी. संघाबरोबर महिला व्यवस्थापक नसेल तर त्या संघाला उतरवून घेऊ नका. फोन करा, शाळेला पाठवायला लावा. मी यावर अडून बसले आहे आणि पुढेही बसेन. जेवणाचं सांगायचं तर सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी साधा वरणभात, भाजी, पोळी. कुणी दानशूर मंडळी हौसेने श्रीखंड पाठवतात. ते बक्षीस समारंभानंतर वाढा, आधी नको.

कागदपत्रं तपासायची ती संघ पोचल्याबरोबर, पहिल्या सामन्याच्या आधी. वयाच्या गटाची तारीख त्या वर्षीच्या परिपत्रकातून घ्या, आठवणीतून नाही. जन्मदाखला, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, आधार आणि ओळखपत्रावरचा फोटो एकमेकांशी जुळतात का बघा. तक्रार कशी करायची तेही आधीच सांगा : नियम चुकीचा लावला असं वाटलं तर पुढची पिच पडण्याआधी मुख्य पंचांना सांगायचं, मग लेखी आणि ठरलेली फी. सेफ की आऊट, बॉल की स्ट्राईक, यावर तक्रार नाही. ती पंचाच्या नजरेची गोष्ट, आणि माझीही नजर चुकते. खेळाडूच्या पात्रतेचा प्रश्न मात्र नंतरही निघू शकतो, म्हणून तपासलेल्या कागदांच्या प्रती जपा.

गुणपत्रकांचंही तसंच. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठीची प्रमाणपत्रं विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात पडताळली जातात. तेव्हा हातात असलेलं रंगीत प्रमाणपत्र पुरत नाही. ती मुलगी त्या स्पर्धेत खरंच खेळली का, याची नोंद शोधली जाते. एका माजी खेळाडूचा मला फोन आला होता, भरतीची यादी लागली होती आणि तिच्या स्पर्धेची गुणपत्रकं आयोजकांकडे सापडत नव्हती. सापडली ती शेवटी एका निवृत्त गुणलेखकाच्या घरी, जुन्या ट्रंकेत. त्यांना फेकवली नव्हती म्हणून. तेव्हा प्रत्येक सामन्याचं पत्रक दोन्ही कप्तानांची आणि पंचांची सही घेऊन त्याच संध्याकाळी झेरॉक्स करा, एक प्रत संघाला द्या, एक शाळेच्या दप्तरी ठेवा. प्रमाणपत्रावर नाव लिहिताना जन्मदाखला समोर ठेवून अक्षर न अक्षर बघा, आणि शिक्का त्यानंतरच मारा.