अनोळखी घरी पाहुणा

मुलांनो, ‘पाहुणा’ हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. आज त्याच्या जोडीचा शब्द घेऊ : यजमान. ज्याच्या घरी पाहुणा उतरतो तो यजमान. (वर्गातल्या आजी ‘आमचे यजमान’ म्हणतात तेव्हा त्या आपल्या नवऱ्याविषयी बोलत असतात, घोटाळा करू नका.) पैसे मोजून खोली घेणारा तो गिऱ्हाईक किंवा भाडेकरू. त्याला पाहुणा म्हणत नाहीत.

पूर्वी पाहुणा यायचा तो नात्याने किंवा कोणाची चिठ्ठी घेऊन. ओळखपाळख नसताना परदेशात कोणाकडे उतरता येईल का? १९४९ साली डेन्मार्कमध्ये ‘सर्व्हास’ ही संस्था निघाली. युद्धानंतर निरनिराळ्या देशांच्या माणसांनी एकमेकांच्या घरी राहावे, म्हणजे शांतता वाढेल, हा तिचा विचार. प्रवाशाची आधी समक्ष मुलाखत होई, मग त्याला ओळखपत्र मिळे. म्हणजे चिठ्ठी होतीच, फक्त ती संस्था देत होती.

पुढे इंटरनेट आले. केसी फेंटन या अमेरिकन तरुणाने आइसलँडला जाण्यापूर्वी तिथल्या विद्यापीठाच्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून ‘तुमच्याकडे राहू का?’ असे विचारले. पुष्कळांनी होकार दिला. त्यातून २००४ मध्ये ‘काउचसर्फिंग’ सुरू झाले. ‘काउच’ म्हणजे बसायचा कोच, त्यावर झोपायचे. सायकलस्वारांसाठी ‘वॉर्मशॉवर्स’ नावाचे असेच एक जाळे आहे.

इथे चिठ्ठीची जागा घेतली अभिप्रायाने. मुक्काम संपला की पाहुणा यजमानाविषयी लिहितो आणि यजमान पाहुण्याविषयी. ते वाचून पुढचा माणूस ठरवतो. पण आपल्याविषयीही कोणी लिहिणार आहे हे माहीत असल्यावर माणूस गोडच लिहितो. म्हणून तरुणांनो, नुसती स्तुती मोजू नका. काय लिहिलेले नाही तेही पाहा. आणि मन कचरले तर रात्री दुसरीकडे जाता येईल इतके पैसे जवळ असू द्या.

२०११ मध्ये काउचसर्फिंग नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली, आणि मे २०२० मध्ये, साथीमुळे प्रवास बंद असताना, सभासदांकडे वर्गणी मागू लागली. वर्गणी न भरणाऱ्यांना आत जाता येईना. वर्षानुवर्षे जमवलेले अभिप्राय आत अडकले. खर्च असतो हे मला पटते. पण घर यजमानाचे, चादर यजमानाची, लिहिणारा पाहुणा, मग ती ओळख कंपनीच्या कुलपात का? कित्येकजण ‘बीवेलकम’कडे गेले. ते स्वयंसेवक चालवतात, वर्गणीची सक्ती नाही. मात्र तिथे ओळख पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागली.

स्वाध्याय : तुम्ही दोन रात्री अनोळखी घरी राहिलात असे समजून यजमानांविषयी पाच वाक्यांचा खरा अभिप्राय लिहा. ‘छान’ हा शब्द वापरू नका. आजी-आजोबांनी आपल्याकडे चिठ्ठी घेऊन आलेल्या एखाद्या पाहुण्याविषयी मुलांना सांगावे.