फी शून्य, तरी खर्च आहे: अतिवाढीच्या दुर्मिळ आजारावरच्या संशोधनात मूल सहभागी होताना

एक पाय जाड, एक बारीक. दर वर्षी दोन मापांचे दोन बूटजोड घ्यायचे आणि प्रत्येकातला एक टाकून द्यायचा. प्रोटियस, क्लोव्ह्ज किंवा क्लिपेल-ट्रेनॉने यांसारखा अतिवाढीचा आजार असलेल्या मुलांच्या घरी हा खर्च ठरलेलाच. अशा घरात डॉक्टर ‘संशोधनात नाव घालायचं का?’ असं विचारतात, तेव्हा पहिली धास्ती पैशाची वाटते.

खऱ्या संशोधनात भाग घ्यायला पैसे लागत नाहीत. कुणी ‘नोंदणी फी’ मागितली, तर तिथून उठा. भारतात औषधाच्या चाचणीला २०१९चे नियम लागू आहेत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळते. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी व्हावी लागते. १५ जून २००९पासून ते सक्तीचं आहे. नोंद क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः पाहा. त्याला पैसे पडत नाहीत.

पैसे वाया जातात ते बहुधा याच्या आधी, चुकीच्या तपासणीत. यातले बरेच आजार ‘मोझेक’ असतात, म्हणजे जनुकातला बिघाड शरीराच्या काही पेशींतच असतो. प्रोटियसचं मूळ एकेटी१ जनुकात आहे, हे अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या लेस्ली बीसेकर यांच्या गटानं २०११मध्ये दाखवलं. हा बिघाड रक्तात सहसा सापडत नाही. खासगी लॅबमध्ये रक्तावरची एक्सोम (म्हणजे जनुकांची) तपासणी साधारण पंधरा-तीस हजारांना पडते, ‘काही आढळलं नाही’ असा अहवाल येतो आणि घरच्यांना वाटतं, आजारच नाही. म्हणून आधी जनुकतज्ज्ञांना विचारा: वाढलेल्या भागाचाच तुकडा घ्यायचा का? पंच बायोप्सीत तो तीन-चार मिलिमीटरचा, मसुराच्या दाण्याएवढा असतो. शस्त्रक्रिया ठरलीच असेल, तर त्याच वेळी नमुना घ्यायला सांगा. दुसऱ्यांदा भूल आणि तिचं बिल, दोन्ही वाचतील. कुठलं संशोधन ही तपासणी मोफत करतं, तेही विचारून घ्या.

बेकविथ-वीडमन या अतिवाढीच्या दुसऱ्या आजाराची गोष्ट वेगळी. तिथे तपासणी बहुधा रक्तावरच होते. खर्च असतो तो देखरेखीचा: गाठींचा धोका असल्यानं मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत सहसा दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. म्हणजे एकूण तीसेक वेळा. पालिका किंवा सरकारी रुग्णालयात नाव घातलं, तर हा भार बराच हलका होतो.

परदेशात जायचा विचार असेल, तर अमेरिकेत बेथेस्डातल्या एनआयएच क्लिनिकल सेंटरमध्ये संशोधनातल्या रुग्णांकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पण भारतातून जायचं विमानभाडं, व्हिसा, सोबतच्या माणसाचा बुडालेला पगार कोण देणार, हे निघण्यापूर्वी लेखी विचारा. प्रोटियस आणि क्लिपेल-ट्रेनॉनेमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. लांबच्या विमानप्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्याच.

घराबाहेर न पडताही संशोधनाला मदत करता येते. पीआयके३सीए जनुकाशी निगडित अतिवाढीवर अल्पेलिसिब या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२२मध्ये मान्यता मिळाली, ती ५७ रुग्णांच्या जुन्या नोंदींच्या अभ्यासावर. इतक्या दुर्मिळ आजारात एका मुलाची नीट ठेवलेली फाइल किती मोलाची, हे यावरून कळावं. दर तीन महिन्यांनी, त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. मागे तारीख लिहा. एक्स-रे फेकू नका.

औषध लागू पडलं आणि चाचणी संपली, तर पुढे काय? दुसरा उपचार नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीनं मान्य केलं, तर ते पुढेही मोफत मिळू शकतं. हे संमतीपत्रावर सही करण्याआधीच विचारा. दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे, पण ती यादीतल्या आजारांनाच आणि ठरलेल्या केंद्रांतूनच मिळते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक. आपल्या आजाराचं नाव यादीत आहे का, हे तिथे विचारा.

सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकार घेणंही बंधनकारक आहे. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, आणि सही केलेली प्रत हातात आल्याशिवाय तिथून निघू नका.