कव्हर भिंतीवर, तबकडी कपाटात

तबकडी आणि तिचं कव्हर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक ऐकण्यासाठी केलेली, दुसरी बघण्यासाठी. भिंत सजवायची असेल तर दुसरी लावावी, पहिलीला कपाटात उभं ठेवावं. कबनूरच्या आमच्या घरात एवढं तारतम्य ठेवलं गेलं नाही आणि दोन पिढ्या नीट वाजलेल्या रेकॉर्डी वर्षभराच्या आत वाकड्या, पांढुरक्या आणि मुक्या झाल्या. असं आणखी कुठल्या घरात होऊ नये, यासाठी हा सगळा तपशील.

कबनूर हे इचलकरंजीला चिकटलेलं, हातकणंगले तालुक्यातलं यंत्रमागाचं गाव. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे हा सगळा परिसर मागांच्या खडखडाटावर जगू लागला. खाली मागाचं खातं आणि वर बिऱ्हाड, अशी घरं इथे आजही गल्लोगल्ली आहेत. कामाच्या जोडीला गाणंही होतंच. लग्न, उरूस, गणपती, काहीही असो, लाऊडस्पीकरवाला पत्र्याची ट्रंक घेऊन यायचा आणि सकाळपासून रेकॉर्डी लागायच्या. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) यांसारख्या चित्रपटांची गाणी खेड्यापाड्यांत पोचली ती बरीचशी या ट्रंकांमधून. कॅसेट आल्यावर त्या ट्रंका माळ्यावर गेल्या. आता त्या खाली उतरू लागल्या आहेत, पण वाजवण्यासाठी नव्हे. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये ‘रेकॉर्डची भिंत’ हवी असते. मोबाइलवर तसे फोटो दिसतात आणि ते दिसतातही सुंदर.

आमच्या घरी चुलत्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. त्यांच्या ट्रंकेत लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, छोट्या ईपी आणि मोठ्या एलपी अशा तिन्ही पिढ्या होत्या. वरचा मजला नव्याने बांधला तेव्हा हॉलचं काम घेतलेल्या ठेकेदाराने त्यांतल्या निवडून भिंतीवर चढवल्या. चुलत्यांनी हरकत घेतली, तर तो म्हणाला, “काका, आता कोन वाजवतंय त्या? माळ्यावर धूळ खात पडण्यापेक्षा चार मान्सं बघतील तरी.” ऐकायला ते पटण्यासारखंच होतं. त्याने एलपी डबल टेपने पश्चिमेच्या भिंतीवर चिकटवल्या, लाखेच्या तबकड्या खिळ्यांवर अडकवल्या आणि कव्हरं गोंद लावून प्लायवर डकवली. तीन प्रकारच्या वस्तू, तीन वेगळ्या तऱ्हांनी बिघडल्या.

सगळ्यात आधी एलपी गेल्या. एलपी विनाइलची, म्हणजे पीव्हीसी जातीच्या प्लास्टिकची असते. साठ अंश सेल्सिअसच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडू लागतं आणि स्वतःचं वजन किंवा टेपची ओढ असेल तर त्याच्याही आधी आकार सोडतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवेचा पारा चाळिशीच्या जवळ जातो. दुपारचं ऊन खिडकीच्या काचेतून थेट काळ्या तबकडीवर पडलं की ती खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापते, कारण काळा रंग सगळी उष्णता पिऊन घेतो. पहिल्याच उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवरच्या एलपी पापडासारख्या वळल्या. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचं गाणं असतं. ती खाच सरळ ताणली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल, आणि तिची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. एवढ्या बारीक वाटेवरून सुई चालायची असते. तबकडी जरा वाकली की सुई उसळते आणि फार वाकली की खाच सोडून सरकते. काचेच्या दोन तावांत वजनाखाली दाबून सरळ करण्याचे उपाय लोक सांगतात. थोडा बाक असेल तर क्वचित उपयोग होतो, पण ऊन लागून वळलेली तबकडी पूर्वीसारखी होत नाही. टेपचा चिकटा खाचांत उतरला होता, ते नुकसान वेगळंच.

लाखेच्या तबकड्यांचं दुखणं निराळं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने विनाइलची एलपी बाजारात आणली. त्याआधी तबकडी म्हटलं की लाखच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे जो थर करतात त्यापासून ही लाख मिळते आणि जगाला ती मुख्यतः भारतातूनच जायची. दगडाची पूड आणि काजळी मिसळून तिची तबकडी दाबली जायची. ही तबकडी उन्हात लगेच वाकत नाही, पण हातातून सुटली की तिचे तुकडे होतात. आमच्याकडे ती नुसत्या खिळ्यावर, मधल्या भोकाच्या कडेवर तोललेली होती आणि खालच्या खात्यात माग चालू. मागांची थरथर भिंतीतून वर येते हे कबनूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. रात्रपाळीत दोन तबकड्या खाली आल्या.

उरलेल्यांची वाट पॉलिशने लागली. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारागिराला तबकड्या मळकट दिसल्या, म्हणून त्याने त्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढल्या. सुतारकामातलं पॉलिश होतं कशाचं? लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवूनच ते बनतं. तबकडीही लाखेचीच, त्यामुळे स्पिरिट लागताच तिचा वरचा थर विरघळला, चकाकी गेली, खाचा बुजल्या आणि लेबलवरची शाई पसरली. लाखेची तबकडी साफ करायची तर कोरडा मऊ ब्रश वापरावा. फार तर किंचित ओलसर फडक्याने पुसावं, लेबलला पाणी लागू देऊ नये आणि लगेच कोरडं करावं. स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, कोलन यांतलं काहीही तिच्याजवळ नेऊ नये.

तिसरा नंबर कव्हरांचा, आणि त्यांचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. ती भिंतीवर जायच्याच लायकीची होती, फक्त लावायची पद्धत चुकली. पूर्वी ७८च्या तबकड्या साध्या तपकिरी कागदात मिळत. कव्हरावर खास चित्र काढून घ्यायची चाल पडली ती ॲलेक्स स्टाइनवाइस या चित्रकारामुळे. तो १९३८ मध्ये कोलंबिया कंपनीत कामाला लागला आणि त्याने कव्हरालाच पोस्टर करून टाकलं. चित्र लोकांना गाण्याकडे, नाटका-सिनेमाकडे ओढून आणतं, हे स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरला नवं नव्हतं. एलपीचं कव्हर सव्वाबारा-साडेबारा इंचांचं चौकोनी चित्र असतं. ते भिंतीवर शोभतं, कारण ते दुरून दिसावं म्हणूनच काढलेलं असतं.

कव्हर बाहेर आणि तबकडी आत, याचा एक दाखला पृथ्वीपासून फार लांब आहे. केसरबाई केरकर मूळच्या गोव्यातल्या केरीच्या. कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. त्यांनी गायलेली भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ या दोन अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत घेतली गेली. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली ही बारा इंची तबकडी यानाच्या बाहेरच्या अंगाला बसवली आहे. म्हणजे भिंतीवर लावलेलीच तबकडी म्हणायची. पण तिथेही तबकडी उघडी नाही. तिच्यावर ॲल्युमिनियमचं कव्हर आहे, आणि तबकडी कशी वाजवायची, यान कुठून आलं, हे त्या कव्हरावर आकृत्या कोरून सांगितलं आहे. गाणं आत जपलेलं आणि चित्र बाहेर. घरच्या हॉललाही हाच नियम लागू पडतो.

प्लायवर गोंदाने डकवलेल्या कव्हरात आणखी एक गोष्ट कायमची जाते, ती म्हणजे त्याची मागची बाजू. शास्त्रीय संगीताच्या एलपीवर पुढे गायकाचा फोटो आणि मोठं नाव असतं. तबल्याला कोण, पेटीला कोण, सारंगीवर कोण, हे पुष्कळदा फक्त मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. रागांची माहिती, कवीचं नाव, गायकाचा परिचयही तिथेच. कित्येक साथीदारांच्या नावाचा घरात उरलेला पुरावा एवढाच असतो. भारतातल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांत, १९०२ साली, गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारायची. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जायच्या, आणि तिथल्या कारागिरांना गाणं कोणाचं हे त्यावरून कळायचं. नाव हरवू नये म्हणून त्या काळी इतकी खटपट केली जायची. आपण तीच नावं गोंदाखाली गाडतो, हे काही बरं नाही.

आता करायचं काय, ते. कव्हर लावण्याआधी पुढून आणि मागून दोन्हीकडून त्याचा चांगला फोटो काढावा, सावलीत, सपाट धरून, फ्लॅश न वापरता. मागच्या बाजूची छापील प्रत फ्रेमच्या पाठीला पाकिटात ठेवली की पाहुण्याने विचारलं तर दाखवता येते. कव्हर फारच दुर्मीळ किंवा जीर्ण असेल तर मूळ कपाटात ठेवून त्याची रंगीत प्रत भिंतीवर लावावी. प्रत काढताना एक अडचण येते. ए-थ्री कागदाची रुंदी २९.७ सेंटिमीटर आणि कव्हर साधारण ३१.५ सेंटिमीटर, त्यामुळे ए-थ्रीवर कड कापली जाते. डिजिटल प्रिंटवाल्याकडे १३ बाय १९ इंचाचा कागद मागावा. त्यात पूर्ण मापाची प्रत बसते आणि दहा फुटांवरून फरक कळत नाही.

मूळ कव्हरच लावायचं ठरलं तर गोंद, टेप, टाचणी, स्टेपल यांतलं काहीही नको. फ्रेमवाल्याकडून माउंट घालून घ्यावा, म्हणजे कव्हर काचेला टेकणार नाही. टेकलं तर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. पाठीमागे आम्लमुक्त पुठ्ठा मिळाला तर उत्तम. साध्या हार्डबोर्डने कागद पिवळा पडत जातो. पाठीच्या फटी कागदी टेपने बंद केल्या की कसर आत शिरत नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, त्यामुळे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते.

मला स्वतःला फ्रेमपेक्षाही बीडिंग मारलेली अरुंद लाकडी पट्टी जास्त आवडते. भिंतीला दोन-अडीच इंचांची फळी, पुढे छोटी कड आणि त्यावर कव्हरं नुसती टेकून उभी. हवं तेव्हा बदलता येतात. गणपतीत एक चित्र, दिवाळीत दुसरं. यात शोभा आहेच, शिवाय उजेडाचा त्रास एकाच कव्हराला होत नाही. उजेडाने रंग उडतो तो थोडा थोडा साठत जातो आणि गेलेला रंग परत येत नाही. लाल-पिवळे बहुधा आधी फिके पडतात, निळा मागे राहतो. म्हणून जुनी कव्हरं निळसर दिसतात. कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात. घरात तितकं जमणार नाही, पण थेट ऊन टाळणं आणि कव्हराच्या डोक्यावर तापणारा स्पॉटलाइट न लावणं कोणालाही जमतं. भिंत निवडताना खिडकीसमोरची आणि पश्चिमेची सोडावी. बाहेरून पावसाचा मारा लागणारी आणि न्हाणीघराला लागून असलेलीही सोडावी.

आपल्या भागात एक जादा पथ्य आहे. सूत तुटू नये म्हणून मागाच्या खात्यात हवेत ओलावा ठेवावा लागतो, आणि कापसाचे बारीक तंतू सगळीकडे उडत असतात. ओलावा कव्हराला बुरशी आणतो, तंतू खाचांत बसतात. खात्याच्या थेट वरच्या खोलीत तबकड्या उघड्या ठेवूच नयेत. दाराचं कपाट हवं, आणि तेही भिंतीपासून दोन बोटं पुढे. सर्वांत खालचा कप्पा रिकामा सोडावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी जिथे चढलं तिथे तर हे विसरूच नये.

कपाटात तबकड्या उभ्या ठेवाव्यात, अगदी ताठ. तिरक्या कलल्या तरी वाकतात आणि थप्पी लावली तर खालच्या दबतात. लाखेच्या आणि विनाइलच्या एकत्र नकोत, लहान-मोठ्या मापांची सरमिसळही नको. वीतभर अंतरावर मध्ये एक उभं फळकूट दिलं की आधार मिळतो. मऊ, चिकट वाटणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाकाव्यात, त्यांतलं रसायन तबकडीवर धुरकट डाग सोडतं.

आणि तबकडीच भिंतीवर हवी असा कोणाचा हट्ट असेल तर? त्यालाही वाट आहे. तडा गेलेली, खोल चरे पडलेली किंवा ऊन लागून आधीच वाकलेली तबकडी लावावी. ती लावतानाही भोकात खिळा नको, कडेला तीन बाजूंनी धरणारे लाकडी ठोकळे हवेत. पण ती निकामी आहे हे ठरवण्याआधी एकदा वाजवून बघावी आणि लेबल वाचावं. एचएमव्हीच्या खपाऊ फिल्मी तबकडीच्या कितीतरी प्रती शिल्लक असतील. ओडियन, ब्रॉडकास्ट, यंग इंडिया अशा लेबलांवरच्या मराठी तबकडीबद्दल मात्र तसं समजून चालू नये, तुमच्या हातातली प्रत फार थोड्यांपैकी एक असू शकते. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था याच विषयात काम करत आली आहे. शंका असेल तर अशा जाणत्या माणसांना आधी लेबलचा फोटो दाखवावा. तबकडी गरम पाण्यात बुडवून तिची वाटी करणं किंवा तिला घड्याळाचे काटे बसवणं, हे चांगल्या तबकडीच्या बाबतीत करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात, शेजारी किंवा जुन्या मंडपवाल्याच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती एकदा खाली काढा. तबकड्या उभ्या करून ठेवा, प्रत्येक लेबलचा आणि कव्हराच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, आणि भिंतीसाठी कारागिराला बोलवायचं ते हे सगळं झाल्यावर.