साथीचा आकडा कसा वाचावा?



एका उसाचं ब्रिक्स पाहून आपण सबंध फडाला तोड देत नाही. साथीच्या आकड्याचंही तसंच आहे. कोरोनाच्या अनुभवातून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) तपासण्या किती? १०० तपासण्यांत २० बाधित म्हणजे शेकडा २०. ३०० तपासण्यांत ३० म्हणजे शेकडा १०. रुग्ण जास्त दिसले तरी साथ वाढलीच असे नाही. आणि तपासणीच नसेल तर रुग्णही दिसत नाही.

२) तारीख कोणती? १६ जून २०२० रोजी राज्याच्या यादीत १,३२८ जुने मृत्यू एकदम चढवले गेले. ते त्या दिवशीचे नव्हते. सुट्टीत तपासण्या कमी होतात, म्हणून सात दिवसांची सरासरी धरावी.

३) आकडा कुठला? उत्तनजवळची तारोडी मिरा-भाईंदर महापालिकेत येते, आणि ठाणे जिल्ह्यात अशा सहा महापालिका. जिल्ह्याचा आकडा उतरला म्हणजे तारोडीतली साथ उतरली, असं म्हणता येत नाही.

४) नजरेआड किती? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्त तपासलं, तेव्हा झोपडपट्टीत शेकडा ५७ व इतरत्र १६ जणांत प्रतिद्रव्ये सापडली. यादीत त्यांतले थोडेच होते.

तेव्हा हंगामात साथ आली तर तालुक्याच्या आकड्यावर विसंबू नये. तोडणी टोळीच्या कोप्यांवर तापाचे किती, याची मुकादमाकडून रोज नोंद घ्यावी. लागोपाठ वाढ दिसली की प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे.