पाट्याचं पाणी उतरू देऊ नको

हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैल चढवताना फाळका उंच पडतो, म्हणून पिकअपची मागची बाजू खाली कर म्हणतोस. अडचण खरी आहे. लालकंधारी खोंड एकदा बिचकला की चार माणसांना आवरत नाही. पण त्यासाठी आधी गाडी बांधाला मागं लावून बघ. फाळका बांधाच्या उंचीला आला की जनावर सपाटीवर चालल्यासारखं आत जातं.

तरी उतरवायचीच असेल तर ऐक. रिकाम्या गाडीकडं बघून माप ठरवू नको. पाटे ओझ्यासाठी केलेले असतात; उदगीरच्या अडतीला सोयाबीनची पोती भरून निघालास की गाडी आपोआप बसते. म्हणून भरल्या गाडीला टेप लाव, चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या काठापर्यंत, दोन्ही अंगांनी. टायरवर आणि अ‍ॅक्सलवरच्या रबरी ठोकळ्यापाशी जागा उरत नसेल तर विषय तिथंच सोड.

पाटा काढून गाडी खाली करायची नाही. उमेदीत मी एकाचे दोन पाटे काढून दिले होते. गाडी दिसायला झकास झाली. पहिल्याच भरल्या खेपेला खड्ड्यात टायर मडगार्डाला घासला आणि जळकोटच्या अलीकडंच फुटला. माणूस वाचला. त्या रबराचा वास अजून माझ्या नाकात आहे.

पाटे तेवढेच ठेवून त्यांची कमान थोडी उतरवून घ्यायची, तीही गार लोखंडावर, जाणत्या पाटेवाल्याकडून. कुणी गॅस लावून तापवायला निघाला तर तिथून उठून ये. तापवलेल्या पाट्याचं पाणी उतरतं. वरून तो धडधाकट दिसतो आणि ओझ्याखाली बसतो, नाहीतर तुटतो. ठोकळा घालतो म्हणणाऱ्याला आधी वाकून बघायला लाव. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तर मधल्या ठोकळ्यानं गाडी उलट उचलते.

परत बसवताना सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसलंय का, हाताच्या बोटानं चाचपून बघ. तिथं चुकलं तर गाडी तिरकी चालते आणि टायर खाते. यू-बोल्ट नवे घे, समोरासमोरच्या कोपऱ्यांनी थोडे थोडे आवळ. शॅकलचे बोल्ट मात्र गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर उभी असतानाच घट्ट कर, नाहीतर बुशचं रबर पिळलं जातं.

लातूरच्या आरटीओत आधी विचारून घे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलंय.

मागची बाजू बसली की पुढच्या दिव्यांचा झोत वर जातो. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यांत तो थेट शिरतो. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे खाली घे. आणि चार-पाच खेपा झाल्या की इकडं घेऊन ये, यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत.